वरच्या पातळीवरचा पासवर्ड खाली टिकतो का? अपाचेतल्या एका नियमाची पार्श्वभूमी

अपाचे म्हणजे वेबसाइटची पानं ब्राउझरला पुरवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर. एका अपाचे सर्व्हरवर पाच-सहा डोमेन, म्हणजे वेगवेगळ्या नावांच्या साइट, चालतात. प्रवेशाचा नियम सगळ्यांसाठी वर एकदाच लिहिलेला असतो आणि एखाद्याच डोमेनला थोडा फरक हवा असतो. तो फरक खाली लिहिला की वरच्या नियमाचं काय होतं?

वरचा नियम आणि खालचा नियम ही रचना अपाचेच्याही आधीची. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए संस्थेत रॉब मॅकूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरमध्ये संपूर्ण सर्व्हरसाठी एक अ‍ॅक्सेस फाइल (प्रवेशाच्या नियमांची) होती आणि फोल्डरपुरती ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’. १९९४ मध्ये मॅकूल तिथून बाहेर पडले, काम थंडावलं. मग वापरणाऱ्यांनीच आपापले पॅच (छोट्या दुरुस्त्या) एकत्र केले आणि १९९५ मध्ये अपाचे उभा राहिला. डोमेनची पातळी रुळली ती नंतर. सुरुवातीला ब्राउझर साइटचं नाव पाठवतच नसे, त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) लागायचा. १९९७ मध्ये ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांच्या नव्या आवृत्तीने, एचटीटीपी १.१ ने, होस्ट हेडर म्हणजे साइटचं नाव पाठवणं सक्तीचं केलं आणि एका आयपीवर अनेक डोमेन बसवणं नेहमीचं झालं.

खरी गोम अपाचेच्या २०१२ च्या २.४ आवृत्तीत आहे. तोवर कुठल्या आयपीवरून प्रवेश द्यायचा ही अट ‘अलाउ-डिनाय’ या आदेशांत आणि पासवर्डची अट ‘रिक्वायर’ या आदेशात लिहायची. दोन्ही वेगळ्या, आणि काही वेगळं सांगितलं नाही तर दोन्ही पाळाव्या लागत. २.४ मध्ये दोन्ही ‘रिक्वायर’खाली आल्या. लिखाण सुटसुटीत झालं, पण दोन्ही अटी आपोआप पाळल्या जातात असं धरून चालण्याची जुनी सवय धोक्याची ठरली.

समजा, वर ‘रिक्वायर व्हॅलिड-यूझर’ आहे, म्हणजे योग्य पासवर्ड देणाऱ्यालाच प्रवेश. एका डोमेनच्या रिपोर्ट विभागात आणखी कडक बंदोबस्त म्हणून अ‍ॅडमिनने ‘रिक्वायर आयपी १०.०.०.०/८’ अशी ओळ घातली, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कवरूनच प्रवेश. त्या विभागापुरता वरचा नियम पूर्ण बाद होतो. आतल्या नेटवर्कवरचा कुणीही पासवर्डशिवाय रिपोर्ट उघडतो. दोन्ही ओळी शेजारी लिहिल्या तरी भागत नाही, कारण नुसत्या ओळींपैकी एक पुरली तरी प्रवेश मिळतो. त्यासाठी दोन्ही ओळी ‘रिक्वायरऑल’ (सगळ्या अटी पाळा) या गटात हव्यात, किंवा त्या विभागात ‘ऑथमर्जिंग अँड’ (वरचा नियमही जोडून घ्या) हवं. हे मर्जिंग मुळात बंदच असतं. वारसा मिळतो तो खालचा विभाग गप्प असेल तेव्हाच. तो एक शब्द बोलला की वरचं सगळं पुसलं जातं. मला हा डीफॉल्ट, म्हणजे काही न सांगता लागू होणारा पर्याय, चुकीचा वाटतो. सुरक्षेच्या बाबतीत भर घालणं आणि बदलणं यांत गफलत व्हायला जागाच नको.

असा बदल केल्यावर आतल्याच नेटवर्कवरून इनकॉग्निटो विंडोत पान उघडून बघा. नेहमीच्या विंडोत ब्राउझरने पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो, त्यामुळे भगदाड दिसत नाही.