१९४० आधीची इमारत: सांगाडा लाकडी की आरसीसी?

मुंबईत युद्धाआधीच्या इमारतीत घर बघायला गेलं की दलाल पहिली थाप भिंतीवर मारतो. "दीड फुटी भिंत आहे साहेब, ब्रिटिशकालीन काम!" गिरगावातली लाकडी इमारत असो वा माटुंग्याची १९३०च्या दशकातली आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटची), थाप तीच. सरकारी कागदाचीही मदत नाही: १ सप्टेंबर १९४० आधीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती सगळ्या 'अ' वर्गातच, सांगाडा कशाचाही असो.

आरसीसीचं दुखणं ओळखीचं आहे. खारी हवा, सळईला गंज, गंज फुगला की काँक्रीटचे पोपडे. छज्जे आणि गच्चीखालचा स्लॅब बघा, पुढे चला.

घोळ होतो तो लाकडी इमारतीत. तिथली जाड भिंत बऱ्याचदा मजल्याचा भार पेलतच नाही. भार कडीपाटावरून, म्हणजे मजल्याच्या लाकडी कड्या-फळ्यांवरून, तुळयांवर जातो, तुळयांवरून सागवानी खांबांवर. विटा असतात त्या खांबांमधली जागा भरायला. म्हणजे भिंत ठणठणीत, पण तिच्यात घुसलेलं तुळईचं टोक कुजलेलं, असं खुशाल असू शकतं. तुळईचा मधला भाग उघडा असतो, वाळतो. टोक विटांत गाडलेलं. भिंतीत मुरलेलं पाणी तिथे टिकतं, मागोमाग वाळवी. हे सगळ्यांत जास्त मोरी-संडासाच्या बाजूला. म्हणून आपल्या घराची मोरी बघून भागत नाही. खालच्या बिऱ्हाडात जा, परवानगी घ्या आणि मोरीखालची तुळई भिंतीला मिळते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. भुसभुशीत लागलं तर पुढची बोलणी स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्यावरच. तिथे कुणी पीओपीचं फॉल्स सीलिंग ठोकलं असेल तर ते उघडेपर्यंत टोकन देऊ नका. कडीपाट झाकणाऱ्यांवर माझा खास राग आहे: हवाही बंद, तपासणीही बंद. टेकू दिसला तर तो दुरुस्तीपुरता लागलाय की वर्षानुवर्षं तसाच आहे, हे शेजाऱ्यांना विचारा, दलालाला नको.

छताची उंची, लिफ्ट, खिडक्या डोळ्यांना दिसतातच. पागडी (जुन्या पद्धतीची भाडेकरी) की मालकी, ते वकिलाकडे.

मला विचाराल तर समुद्राकाठच्या, वारंवार प्लास्टर थापलेल्या आरसीसीपेक्षा कोरड्या मोऱ्यांची लाकडी इमारत बरी. कुजलेली तुळई बदलता येते, जोडीला लोखंडी गर्डर घालता येतो; स्लॅबच्या पोटातली सळई अशी सुटी काढता येत नाही. फक्त जिना लाकडी असेल आणि विजेचे मीटर त्याच्याच खाली असतील, तर ते हलवायचं आधी ठरवा, मग सामान हलवा.