कोबीच्या पाल्याला उसाचं पाचट

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या भाजी मंडईत कोबीच्या पाल्याचा ढीग दिसला की हात आपोआप नाकाकडे जातो. "कुजतंय म्हटल्यावर घाण सुटणारच की," असं आपण धरूनच चालतो. पण नीट कुजणाऱ्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. घाण सुटते ती हिशेब चुकल्यामुळे.

जिवाणूच्या शरीरात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे साधारण आठ भाग असतात. खाल्लेला सगळा कार्बन मात्र अंगी लागत नाही. दोन तृतीयांश श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणजे आठ भाग अंगी लागायचे तर खायला चोवीस हवेत. म्हणून ढिगात कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २५ ते ३० ठेवतात. भाजीपाल्यात ते २० च्या आतबाहेर, म्हणजे नायट्रोजन जास्त, आणि तो अमोनिया होऊन बाहेर पडतो. त्यात पाला पाणीदार. ढीग दबतो, आतला ऑक्सिजन संपतो आणि हवेविना जगणारे जिवाणू माजतात. कोबीतल्या गंधकापासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सोबत मिथेनही.

इकडे करवीर-शिरोळ तालुक्यांत ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवतात. त्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन नावाला, आणि फुगीरपणामुळे हवा खेळती! मंडईला जे हवं, ते शिवारात जळतंय. दोन्ही मिसळून ओलसर ठेवलं की ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. बाटलीतलं चमत्कारी कल्चर विकत घ्यायची गरज नाही, पाल्यावर जिवाणू मुळातच असतात. आणि निर्माल्य पंचगंगेत सोडून पुण्य लागत नाही. ते कुजताना माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन खातं. तेही या ढिगातच घाला.

घनकचरा नियमांप्रमाणे ओला-सुका वेगळा करायचा नागरिकांनी, वेगळा उचलायचा महापालिकेनं. पण खत एकट्या महापालिकेच्या गाडीनं होत नाही. विक्रेत्यानं पाल्यातली प्लास्टिकची पिशवी काढायची, पालिकेनं मंडईजवळ जागा द्यायची, शेतकऱ्यानं पाचट आणायचं. फुगीर पाचटाची वाहतूक महाग पडते, म्हणून ते शेतातच कुट्टी करून भरावं आणि त्याच ट्रॉलीतून खत परत न्यावं.

ढीग जमला का ते बघायला थर्मामीटर लागत नाही. लोखंडी सळई मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही, तर जमलं.