स्फोट झालेल्या ताऱ्यांचे मूळ वस्तुमान : एका आकड्याची पार्श्वभूमी

एखादा तारा अतिनवतारा (सुपरनोव्हा) होऊन फुटला की बातमीत हमखास एक वाक्य येते : हा तारा सूर्याच्या अमुक पट वस्तुमानाचा होता. तारा तर उरलेला नाही, मग त्याचे वजन केले कोणी? खरे सांगायचे तर कोणीच नाही. जुन्या छायाचित्रात तो सापडला तर त्याची दीप्ती, म्हणजे तो एकूण किती प्रकाश फेकत होता ते, मोजतात आणि दीप्तीवरून जन्माच्या वेळचे वस्तुमान काढण्याचे काम गणिती प्रारूपांवर सोपवतात. खरी भानगड या शेवटच्या पायरीत आहे.

साधा तारा कोसळून न्यूट्रॉन तारा, म्हणजे न्यूट्रॉनांचा अतिशय दाट गोळा, बनतो आणि त्यातून अतिनवताऱ्याची ऊर्जा येते, ही कल्पना वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये मांडली. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. कोणते तारे असे कोसळतात याचे उत्तर पुढे सिद्धान्तातून आले : साधारण ८ सौरवस्तुमानांच्या, म्हणजे सूर्याच्या आठपट वस्तुमानाच्या, वरचे. त्याहून हलके तारे श्वेत बटू, म्हणजे लहान आणि दाट तारे, होऊन निवत जातात. पण फुटण्याआधीचा तारा प्रत्यक्ष कोणी पाहिला होता? १९६१ मध्ये एनजीसी १०५८ या दीर्घिकेत झालेल्या स्फोटाचा तारा जुन्या काचपट्ट्यांवर सापडला होता खरा. पण त्याच्या वागण्याचा ताळमेळ लावताना एका प्रारूपाने त्याचे वस्तुमान थेट २००० सूर्यांएवढे काढले! तो खरा अतिनवतारा होता की ताऱ्याला लागलेला नुसता ठसका, यावर अजून वाद आहे.

चित्र पालटले फेब्रुवारी १९८७ मध्ये. मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर फुटलेला तारा सूचीत आधीच नोंदलेला निघाला : सँड्युलीक −६९° २०२. वस्तुमान १८ ते २० सूर्यांच्या आसपास. गाभा कोसळताना बाहेर पडणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कणही टिपले गेले, त्यामुळे गाभा कोसळतो हे पक्के झाले. पण असा तारा मरताना तांबडा महाराक्षसी, म्हणजे प्रचंड फुगलेला, तुलनेने थंड तारा, असावा अशी अपेक्षा होती आणि हा निघाला निळा. आज बरेच जण मानतात की त्याने स्फोटाच्या सुमारे २०,००० वर्षे आधी आपल्या जोडीदाराला गिळले होते. तसे असेल तर त्याचे ‘मूळ वस्तुमान’ कोणते म्हणायचे? जन्म दोघांचा, मृत्यू एकाचा.

इतका जवळचा स्फोट पुन्हा लगेच मिळणार नव्हता. मग आधार झाला हबल दुर्बिणीच्या साठवणीचा, म्हणजे जवळच्या दीर्घिकांच्या आधीच काढून ठेवलेल्या छायाचित्रांचा. जून २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक रॉबर्ट इव्हान्स यांना एम७४ दीर्घिकेत अतिनवतारा दिसला. खगोलशास्त्रज्ञ स्टीफन स्मार्ट आणि सहकाऱ्यांनी आधीची आणि नंतरची छायाचित्रे एकमेकांवर अचूक बसवली. स्फोटाच्या जागी एक अंधूक तांबडा ठिपका होता. हिशेब लागला ८ सौरवस्तुमानांचा, तोही ६ ते १२ असा पैस ठेवून. पण तो तारा हाच, की त्याच रेषेत असलेला दुसराच कोणी? यावर एकच इलाज होता : थांबायचे. काही वर्षांनी स्फोटाची चमक विरल्यावर पुन्हा पाहिले, तर ठिपका गायब होता. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा हाच, काहीतरी नसल्याचा.

दीप्तीवरून वस्तुमान निघते ते का, हे इथे सांगायला हवे. म्हाताऱ्या ताऱ्याची दीप्ती त्याच्या हेलियमच्या गाभ्यावर ठरते. बाहेरचे वेष्टन वाऱ्याने कितीही उडून गेले तरी तिच्यात फारसा फरक पडत नाही. गाभा किती मोठा होणार हे जन्माच्या वेळच्या वस्तुमानावर ठरते. मात्र आतले वायू किती घुसळले जातात, तारा किती वेगाने फिरतो, हे प्रत्येक प्रारूपात वेगळे धरलेले असते. दीप्ती तीच, वस्तुमान वेगळे.

२००९ मध्ये स्मार्ट यांच्या गटाने अशा २० स्फोटांचा ताळेबंद मांडला. तारे ८.५ पासून १६.५ सौरवस्तुमानांपर्यंतचेच निघाले. आकाशात तर २५ सूर्यांएवढे तांबडे महाराक्षसी तारे दिसतात. मग ते कुठे जातात? एक तर्क असा की ते न फुटताच कोसळून कृष्णविवर बनतात. एनजीसी ६९४६ मधील सुमारे २५ सौरवस्तुमानांचा एक तारा २००९ मध्ये काही महिने उजळला आणि नंतर दृश्य प्रकाशात दिसेनासा झाला, तेव्हा या तर्काला बळ आले. पुढे जेम्स वेब दुर्बिणीला तिथे अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचा स्रोत दिसला, म्हणजे तिथे अजून काहीतरी चमकत होते. त्यामुळे ते प्रकरण दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचेही असू शकते.

दुसरा तर्क कमी नाट्यमय आहे आणि मला तोच अधिक पटतो : हिशेबच कमी लागला. मरणोन्मुख तारे धुळीत गुरफटतात, आणि एकाच रंगगाळणीतल्या छायाचित्रावरून एकूण दीप्ती काढताना चूक होते. २०१८ मध्ये बेन डेव्हिस आणि एमा बीझर या खगोलशास्त्रज्ञांनी ही दुरुस्ती केली, तशी वरची मर्यादा १९ च्या आसपास सरकली आणि कोडे बरेचसे सैल झाले. स्फोटानंतरच्या वर्णपटातील ऑक्सिजनच्या रेषा किंवा शेजारच्या ताऱ्यांचे वय यांवरूनही अंदाज काढतात. पण तिथेही शेवटी प्रारूपच लागते.

मे २०२३ मध्ये जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम१०१ दीर्घिकेत अतिनवतारा सापडला. त्याच्या ताऱ्याची हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींची जुनी छायाचित्रे भरपूर होती, म्हणजे प्रश्नच नको. तरी एका गटाने ११ सौरवस्तुमाने काढली, तर सुमारे १००० दिवसांच्या त्याच्या चढउतारावरून दीप्ती काढणाऱ्या गटाला २० मिळाली. २०२५ मध्ये एनजीसी १६३७ मधील स्फोटाचा तारा वेबच्या आधीच्या छायाचित्रांत सापडला. वेबने टिपलेला असा हा पहिलाच तारा. भोवतीच्या धुळीने त्याचा दृश्य प्रकाश शंभर पटींहून अधिक मंद केला होता.