गाडी बोटीने परदेशी न्यायची आहे? आधी कागद जुळवा

स्वतःची कार किंवा मोटारसायकल परदेशात फिरवून परत आणणार असाल, तर हे पत्रक तुमच्यासाठी. गाडी कायमची पाठवायची असल्यास कागद वेगळे लागतात. तसे आम्हाला आधीच सांगा.

सुरुवात चासी नंबरापासून करा. आरसीवरचा आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. १७ आकडी-अक्षरी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतातच. कागदावर ओ दिसला तर तिथे शून्य हवे होते, एवढे ओळखा. ही दुरुस्ती आरटीओत आधीच करून घ्या. हा फरक न्हावा शेव्याला कस्टम्सच्या तपासणीत सापडला तर गाडी यार्डात अडकते आणि भाडे चढत राहते. ठोकलेला नंबर तेलाच्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मुळीच लावू नका, खाडाखोडीचा संशय येतो.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर ‘गाडी तात्पुरती परदेशी नेण्यास हरकत नाही’ असे बँकेचे पत्र लागते. कर्ज फिटल्यावर मिळणारी एनओसी वेगळी. इंटरनॅशनल लायसन्स आरटीओतून, फॉर्म ४-अ भरून.

मग कार्नेट. ड्यूटी न भरता गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात नेण्याची ही हमी, पुस्तिकेच्या रूपात, मुदत १ वर्ष. ऑस्ट्रेलिया, इराणसाठी लागते. युरोपीय संघात लागत नाही. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे अर्ज करतात, डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी ठेवावी लागते. प्रत्येक पानाचे तीन भाग: आत जाताना कस्टम्सवाले खालचा फाडून घेतात, बाहेर पडताना मधला, वरचा तुमच्याकडे राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के हवेत. गर्दीत बाहेर पडण्याचा शिक्का राहून जातो, आणि मग तो देश ड्यूटी मागतो, डिपॉझिट अडकते. काउंटर सोडण्यापूर्वी पान उघडून बघा. तरीही राहिलाच, तर कार्नेटवरचा ‘गाडी इथे आहे’ हा दाखला परत आल्यावर भरून घेता येतो.

कंटेनरमध्ये चढवताना टाकी जवळजवळ रिकामी आणि बॅटरीची वायर सुटी हवी, कारण जहाजावर गाडी धोकादायक मालात, वर्ग ९ मध्ये धरतात. डिकीतले हेल्मेट, पाने, स्टेपनी सगळे पॅकिंग लिस्टमध्ये लिहा. ऑस्ट्रेलियाला जाणारी गाडी मडगार्डच्या आतून धुवा. सुकलेला चिखल दिसला तरी तिथे पुन्हा धुलाई करायला लावतात, खर्च तुमचा.

शिपिंग बिलावर, म्हणजे गाडी बाहेर पाठवताना कस्टम्सला द्यायच्या कागदावर, चासी आणि इंजिन, दोन्ही नंबर आहेत ना, हे सही करण्यापूर्वी वाचा. परत येताना ‘हीच गाडी गेली होती’ हे त्यावरूनच सिद्ध होते. त्याची एक प्रत घरी ठेवा, गाडीत नको.