मेनू की कोड? एका निवडीमागचा इतिहास

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या बहुतेक डायलॉग बॉक्समध्ये 'ओके'च्या शेजारी 'पेस्ट' नावाचं बटण असतं. वर्षानुवर्षं एसपीएसएस वापरूनही ते कधीच न दाबलेले कितीतरी जण असतील. ते दाबलं तर विश्लेषण लगेच चालत नाही. एक नवी खिडकी उघडते आणि आपण माऊसने जे जे निवडलं ते तिच्यात आज्ञांच्या ओळी होऊन उतरतं. विश्लेषणासाठी माऊसने निवडायच्या मेनूचं सॉफ्टवेअर घ्यावं की आज्ञा लिहायच्या कोडचं, हा वाद कुठून आला हे समजून घ्यायचं तर या बटणापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं.

एसपीएसएस 1968 साली स्टॅनफर्डमध्ये तयार झालं. नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल हे त्याचे कर्ते. तेव्हा ना पडदा होता ना माऊस. 80 रकान्यांच्या पंच कार्डांवर आज्ञा आणि आकडे टोचायचे, गठ्ठा संगणक केंद्रात द्यायचा आणि छापील निकालाची वाट पाहायची. काम कटकटीचं होतं, पण केलेल्या कामाचा पुरावा आपोआप हातात राहायचा, कारण तो गठ्ठा हाच प्रोग्राम होता. तोच पुन्हा चालवला की तोच निकाल. सॅस आणि मिनिटॅब ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरंही याच आज्ञांच्या युगातली.

माऊसने चालणारा मॅकिंटॉश संगणक 1984 मध्ये आला आणि चित्र बदललं. पॉल वेलमन यांचं डेटा डेस्क आणि 1989 मध्ये जॉन सॉल यांचं जेएमपी ही दोन्ही मॅकवरच जन्मली. त्यांचं महत्त्व फक्त सोपेपणात नव्हतं. एका आलेखातले काही बिंदू माऊसने निवडावेत आणि उरलेल्या सगळ्या आलेखांत त्याच नोंदी उजळाव्यात, ही सोय आज्ञा टाइप करून त्या सहजतेने मिळत नाही. या कल्पनेचं मूळ आणखी मागे जातं. जॉन ट्यूकी आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरक केंद्रात प्रिम-9 ही संगणकप्रणाली बांधली होती. नऊ चलांपर्यंतचा डेटा त्यात पडद्यावर फिरवून बघता यायचा. म्हणून 'ग्राफिकल म्हणजे नवशिक्यांसाठी' हे म्हणणं मला मान्य नाही. डेटा डोळ्यांनी चाचपायचा असेल तेव्हा माऊसला तोड नाही.

एसपीएसएस विंडोजवर आलं ते 1990च्या दशकाच्या सुरुवातीला. वापरणारे वाढले, पण गठ्ठा गेला. चाळीस क्लिक करून आलेला तक्ता प्रबंधात चिकटवला जातो. सहा महिन्यांनी परीक्षक विचारतात, 'इथे 212 नोंदी आहेत, मग वर 219 कशा?' आणि मधल्या सात कुठे गाळल्या ते कुणालाच आठवत नाही. पेस्टचं बटण म्हणजे हरवलेला गठ्ठा परत मिळवायची वाट.

दुसरा प्रवाह बेल लॅब्जमधला. जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 1976 पासून एस ही भाषा घडवली. तिच्या धर्तीवर ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहिली, 1995 मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची 1.0.0 आवृत्ती निघाली. ताकद अफाट, पण उघडली की समोर फक्त रिकामी ओळ. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तिथे काय लिहायचं?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले जॉन फॉक्स यांनी यावर उपाय म्हणून आर कमांडर हे आरसाठीचं मेनूंचं सॉफ्टवेअर काढलं आणि 2005 मध्ये त्यावर लेख लिहिला. मेनूतून रिग्रेशन (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज) निवडलं की त्याची आरमधली ओळ वरच्या स्क्रिप्ट खिडकीत उमटते. ती बदलून पुन्हा चालवता येते, जतनही करता येते. इथे पेस्टचं बटण लागतच नाही. दुसरी खुबी आणखी महत्त्वाची. गटांना 1, 2, 3 असे आकडे दिले असतील आणि थेट कोडमध्ये अनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना) मागितली, तर आर मुकाट्याने ते आकडे मापं समजून सरळ रेषा बसवते आणि तीन गटांच्या तुलनेला दोनऐवजी एकच डिग्री ऑफ फ्रीडम देते. आर कमांडरमध्ये डेटात एकही फॅक्टर (म्हणजे गट सांगणारा चल) नसेल तर अनोव्हाचा पर्याय मंदच राहतो. आधी आकड्यांचं फॅक्टर करा, मग पुढे जा. मेनू असं शिकवू शकतो, हे मला या सॉफ्टवेअरमुळे पटलं.

त्याच सुमारास आरसाठी आरकेवॉर्ड, जेजीआर, डिड्यूसर, रॅटल असे मेनूंचे बरेच पर्याय आले. रॅटलची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ते ज्या आरजीटीके2 पॅकेजवर उभं होतं, तेच 2021 मध्ये क्रॅनच्या, म्हणजे आर पॅकेजांच्या अधिकृत भांडाराच्या, चालू यादीतून निघालं. भाषा टिकते, तिच्यावर चढवलेला मेनूंचा पडदा लवकर जुना होतो.

2011 मध्ये आरमध्ये कोड लिहिण्यासाठीचं आरस्टुडिओ आलं. त्यात संख्याशास्त्राचे मेनू नाहीतच. कोड आपणच लिहायचा. पण चल, आलेख, फाइली आणि मदत शेजारच्या चौकटींत डोळ्यांसमोर राहतात. रिकाम्या ओळीची भीती त्याने बरीच कमी केली.

मग 2013 उजाडलं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या 2010च्या गाजलेल्या लेखाची एक्सेल फाइल मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन याने तपासली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ही चूक, काही वर्षांचा वगळलेला डेटा आणि भारांकनाची पद्धत, हे सगळं धरून पाहिल्यावर जीडीपीच्या 90 टक्क्यांहून जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 वरून 2.2 टक्क्यांवर गेली. मूळ फाइल हाती आली नसती तर सुटलेल्या ओळी दिसल्याच नसत्या. 'पुन्हा करून दाखवता येतं का' हा प्रश्न त्यानंतर संशोधनात फार जोरात विचारला जाऊ लागला.

नव्या पिढीचे पडदे या प्रश्नाला धरून बांधलेले दिसतात. ॲमस्टरडॅम विद्यापीठातलं जॅस्प डेटा, निवडलेले पर्याय आणि निकाल एकाच फाइलमध्ये ठेवतं. जॅस्पवर काम केलेल्यांनीच 2017 मध्ये काढलेलं जामोवी आरवर उभं आहे आणि सिंटॅक्स मोड चालू केला की प्रत्येक निकालावर त्याचा आर कोड दाखवतं. दोन्हींत एक पर्याय बदलला की तक्ता तिथल्या तिथे बदलतो.

कुणी मला यातलं काय घ्यावं विचारलं, तर मी एक चाचणी करायला सांगतो. छोटी फाइल घ्या, चार नोंदी गाळा, एक चल बदला, रिग्रेशन चालवा, सगळं जतन करून बंद करा. मग ती फाइल दुसऱ्या संगणकावर दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि काही न सांगता विचारा: कोणत्या चार नोंदी गेल्या?