ओट्याची उंची कोपराला विचारा

आमच्या जुन्या घरात आई पोळ्या करायला लागली की आधी पाट ओढून घ्यायची, बसायला नाही, त्यावर उभं राहायला. आई 4 फूट 11 इंच आणि ओटा 36 इंच, मिस्त्रीने "सगळे एवढाच करतात" म्हणून बांधून दिलेला. पाट घेतला नाही त्या दिवशी रात्री खांदे चोळत बसायची, आणि आम्हाला वाटायचं वयामुळे दुखतात.

आता हिशोब बघा. ताठ उभं राहिलं की जमिनीपासून कोपर साधारण उंचीच्या 63 टक्क्यांवर येतं, म्हणजे आईचं 37 इंचांवर. ओटा 36, त्यावर दीड इंचाचा पोळपाट, झालं की साडेसदतीस, म्हणजे पोळी कोपराच्याही वर! लाटताना अंगाचं वजन हातातून खाली उतरायला हवं, पण पोळपाटच एवढा उंच असला तर वजन कामीच येत नाही, सगळा जोर खांदे उचलून काढावा लागतो, आणि स्नायू असा सतत आवळलेला राहिला की त्यातलं रक्त नीट खेळत नाही, तो लवकर थकतो आणि ठणकायला लागतो.

मग सरळ ओटा खाली घ्यावा का? तिथे कंबर आडवी येते. 60 किलोच्या बाईचं कमरेवरचं वजन 35 किलो धरा. 20 अंशच वाकली तरी ते वजन मणक्याच्या साधारण 10 सेंमी पुढे जातं, आणि त्याला मागून धरून ठेवणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम 5 सेंमीवर, म्हणजे त्यांना दुप्पट, 70 किलोची ओढ लावावी लागते, तीही भाजी चिरून होईपर्यंत सलग.

म्हणून कोपराच्या 4 ते 6 इंच खाली ओटा, हे माप बहुतेक कामांना बरं पडतं. 5 फुटी बाईला 32 ते 34 इंच. 36 इंच हे अमेरिकेत रूढ झालेलं माप, ते साडेपाच फुटांच्या माणसाला छान बसतं. घरात स्वयंपाक जास्त कोण करतं त्याचं कोपर मोजा, घर कोणाच्या नावावर आहे त्याचं नाही.

पण एकाच उंचीत सगळं बसवायचा हट्ट मला पटत नाही. शेगडी 4-5 इंच उंच, वर कढईचे 3-4, मग ढवळताना हात पार खांद्याशी जातो आणि खालून आच लागते, तिथला ओटा 3 इंच खाली हवा. सिंकचं बरोबर उलटं, भांडी घासताना हात ओट्याच्या 8 इंच खाली तळाशी असतात, म्हणून सिंक 2-3 इंच वर घ्या. भाड्याच्या घरात तोडफोड जमत नाही, तर सिंकच्या तळाशी स्टीलची जाळी उलटी टाका, बराच फरक पडतो. कणीक मात्र खाली बसून परातीत मळलेलीच बरी.

आणि माप घेताना फरशी बसलीय का ते बघा. नुसत्या स्लॅबवरून टेप लावला तर फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोनेक इंच भरतात, आणि तुमचा 34 चा ओटा 32 चा होतो.