हॉरिझॉन्टल व्हायोलन्स (नर्सिंग)

साहेबाने हाताखालच्याला दाबलं तर ते वेगळं, हॉरिझॉन्टल व्हायोलन्समध्ये एकाच पायरीवरच्या सहकारी नर्सेस एकमेकींना छळतात. लॅटरल व्हायोलन्सही म्हणतात, आपल्याकडे वॉर्डात नुसतं "सिनियर लोकं फार त्रास देतात" एवढंच, म्हणजे हुद्दा तोच पण नोकरीत जुन्या. मारामारी क्वचित, बाकी टोमणे, अबोला, गटबाजी, ड्युटी चार्टवर सारख्या नाइट लावणं. ठळक प्रकार म्हणजे अर्धवट हॅन्डओव्हर (ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला द्यायची पेशंटची माहिती), म्हणजे सलाइन कधी बदललं ते नवीन सिस्टरला सांगायचं नाही आणि मग राउंडला सगळ्यांसमोर तिलाच विचारायचं.

शब्द कुठून आला यावर थोडा घोळ आहे. नर्सिंगवाले सहसा अमेरिकेतल्या सुझन जो रॉबर्ट्स यांच्या १९८३ च्या लेखापासून सुरुवात करतात, पण मूळ विचार नर्सिंगचा नाहीच. अल्जीरियात काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन यांनी १९६१ मध्ये मांडलं की ज्याच्यावर सत्ता गाजवली जाते त्याला वर हात उचलता येत नाही म्हणून तो आपल्याच माणसावर उचलतो, ब्राझीलचे पावलो फ्रेरी यांनी साठच्या दशकाच्या शेवटी तेच शिक्षणाच्या चर्चेत आणलं, आणि रॉबर्ट्स यांनी ही मांडणी डॉक्टर आणि प्रशासनाच्या दाबाखालच्या नर्सेसना लावली. "नर्सेस आपलीच पिल्लं खातात" ही इंग्रजी म्हण ज्युडिथ माइस्नर यांच्या १९८६ च्या लेखामुळे गाजली, बोलण्यात ती बहुधा आधीपासून असावी. माइस्नर यांनी मात्र सहकाऱ्यांइतकंच शिकवणाऱ्यांना आणि प्रशासनालाही धरलं होतं, हे म्हण फेकणारे विसरतात.

दुसरं स्पष्टीकरण "क्वीन बी"चं, साधारण १९७४ पासूनचं, की वर पोचलेली बाई खालच्या बायकांना वर येऊ देत नाही. आपल्याकडच्या "बाईच बाईची वैरी"ला हे अगदी सोयीचं. पण नेदरलँड्समधल्या बेल डर्क्स आणि नाओमी एलेमर्स यांच्या कामातून दिसतं की हे वागणं बाईच्या स्वभावातून कमी आणि भेदभावाच्या ठिकाणी टिकून राहायच्या धडपडीतून जास्त येतं, आणि हेच जास्त पटण्यासारखं आहे, कारण दाब वरून असतो ही रॉबर्ट्स यांची मांडणीही त्याच बाजूची.

पुरुष नर्सचं, म्हणजे आपल्याकडच्या ब्रदरचं, गणित वेगळं. क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये "काचेचा सरकता जिना" म्हटलं ते हेच, बायकांच्या पेशात आलेला पुरुष नको म्हणाला तरी वर ढकलला जातो. २००९ मध्ये एडिया हार्वी विंगफील्ड यांनी दाखवलं की अमेरिकेत काळ्या पुरुष नर्सना हा जिना तसा मिळत नाही.

उपायांमध्ये मार्था ग्रिफिन यांचा २००४ चा प्रयोग बराच सांगितला जातो. २६ नवीन नर्सना लॅमिनेट केलेली छोटी कार्डं दिली, कोणी डोळे फिरवले किंवा पाठीमागे बोललं तर तोंडावर शांतपणे काय म्हणायचं ते त्यावर लिहिलेलं.

भारतात २०१३ चा पॉश कायदा फक्त लैंगिक छळापुरता आहे. बाईला बाईविरुद्ध तशी तक्रार करता येते असं कलकत्ता हायकोर्टाने २०२० मध्ये म्हटलं, पण हॅन्डओव्हर अर्धा दिला किंवा महिनाभर नाइटच लावल्या तर ते त्यात बसत नाही, ती तक्रार शेवटी मेट्रनकडेच, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखाकडेच, जाते.